तुम्ही विचारलंत म्हणून : बेक्वेला राहिलो कुठे?

सोसायटीच्या कोजागिरीला विचारलंत, नणंदेच्या नातवाच्या मुंजीत विचारलंत, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस असताना विचारलं. "तुम्ही दोघं कॅरिबियनला तीन आठवडे राहून आलात म्हणे. तिथे रात्रीचे तीस-तीस हजार घेतात. मग राहिलात कुठे?" दर वेळी मी अर्धवट काहीतरी सांगते आणि विषय पुढे सरकतो. डॉक्टरांना तर तेवढंही सांगता आलं नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आम्ही राहिलो त्या बेटाचं नाव इंग्रजीत वाचलंत तर तुम्ही बेकिया म्हणाल. तिथली माणसं बेक्वे म्हणतात. सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडिन्स या देशातलं हे बेट, मुख्य बेटाच्या दक्षिणेला साधारण ९ मैलांवर. क्षेत्रफळ १८ चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजार. पोर्ट एलिझाबेथ नावाचं एकच गाव म्हणावं असं गाव. कॅरिबियनचं वेड ह्यांचं. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि गावसकरने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हा हे अकरा वर्षांचे होते आणि शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचे. ते वेड उतरलंच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मुलीकडे न्यू जर्सीला होतो, तिथून विमान फार लांबचं नाही, म्हणून निघालो. अर्नोस वेलचं मैदानही बाहेरून पाहून झालं. ते सेंट व्हिन्सेंटच्या मुख्य बेटावर आहे. २०२४ मध्ये अफगाणिस्तानने ऑस्ट्रेलियाला हरवलं ते तिथेच.

आता राहण्याचं. पहिल्या तीन रात्री आम्ही सगळे करतात तेच केलं, मोबाइलवर खोली बुक केली. "समुद्रापासून २ मिनिटं" असं लिहिलं होतं. ते खरंही होतं, फक्त ती दोन मिनिटं सरळ उडत जाणाऱ्या कावळ्याची होती. आम्हाला खाली रस्त्यापर्यंत उतरून वळसा घालून जायला पंचवीस मिनिटं लागली. रात्रीचे ९५ अमेरिकन डॉलर, त्यावर कर आणि सर्व्हिस चार्ज मिळून वीसेक टक्के. खोलीत चहाची किटली होती, शेगडी नव्हती. पहिल्या संध्याकाळी बाहेर दोन माणसांनी साधं जेवण केलं त्याचं बिल बघून हे म्हणाले, "अगं, उद्यापासून एकादशी."

दुसऱ्या दिवशी हिंडताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. टेकडीवर चांगली दुमजली घरं, रंग दिलेली, आणि निम्म्या घरांच्या खालच्या मजल्याच्या खिडक्या बंद. मी गुहागरकडची. असली घरं मी लहानपणापासून बघतेय. ही चाकरमान्यांची घरं.

आणि तसंच निघालं. या बेटांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर आहेत. कुणी बोटीवर, कुणी ब्रुकलिनला, कुणी टोरांटोला, कुणी इंग्लंडात हाय विकमला. पैसे पाठवायचे, घर बांधायचं, वर आईवडील राहणार, खालचा मजला आपल्यासाठी. आपल्याकडे गणपती आणि शिमग्याला कुलपं निघतात, तिथे नाताळ आणि ईस्टरला. ईस्टरला तर बेक्वेला होड्यांच्या शर्यती असतात, तेव्हा अख्खं बेट भरतं. उरलेलं वर्ष तो मजला रिकामा, आणि वर राहणाऱ्या बाईला लाइटबिल भरायचं असतं. स्वस्त खोल्या त्या याच. त्यातल्या बऱ्याच कुठल्याही साइटवर नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दिवेआगरला "घरगुती राहण्या-जेवणाची सोय" अशी पुठ्ठ्याची पाटी असायची ना, इथे तेवढीही नसते. विचारावं लागतं.

विचारायचं कसं, हे मात्र मला शिकावं लागलं. किराणा दुकानात गल्ल्यावर एक बाई होत्या. मी गेले आणि सरळ विचारलं, इथे कुणाकडे खोली मिळेल का. बाई माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मला वाटलं ऐकू गेलं नसेल, मी परत खोलीचं विचारलं. बाई परत, आणखी सावकाश, "गुड मॉर्निंग." मागे रांगेत उभी असलेली शाळकरी पोरगी फिसकन हसली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी नमस्कार, मग काम. दुकानात शिरताना, छोट्या बसमध्ये चढताना, रस्त्यात कुणी समोर आलं तरी. दुपारनंतर गुड आफ्टरनून. आणि अंधार पडल्यावर कुणी समोरून येत "गुड नाइट" म्हणालं तर तो निरोप समजू नका, तो नमस्कारच आहे. आमचे हे पहिल्या रात्री अशाच एकाला "बाय बाय" म्हणाले होते.

मी गुड मॉर्निंग म्हटल्यावर बाईंनी लगेच फोन उचलला. अर्ध्या तासात आम्ही टेकडीवर एका घरासमोर उभे होतो.

घरमालकीण सत्तरीच्या. तिथे वयाने मोठ्या बाईला नावाआधी "मिस" लावतात, लग्न झालेलं असो नसो, आपल्या "ताई"सारखं. मी पण तशीच हाक मारायला लागले. खालच्या मजल्यावर एक खोली, मोरी, आणि दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर. भाडं त्यांनी ईसीत सांगितलं. ईसी म्हणजे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा भाव बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. रोजचे १५० ईसी म्हणाल्या. मी घासाघीस करायला तोंड उघडणार, एवढ्यात त्या आम्हाला टाकी दाखवायला घेऊन गेल्या.

टाकी म्हणजे घराच्या पोटात बांधलेली खोलीच. बेटावर नदी नाही, ओढा नाही. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून या टाकीत उतरतो आणि डिसेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत तोच पुरवायचा. त्यांनी लोखंडी झाकण सरकवलं, भिंतीला टेकवलेला बांबू घेतला आणि सरळ आत सोडला. बांबूला सुरीने खाचा पाडलेल्या. वर काढला तर पाचव्या खाचेपर्यंत ओला. त्यावरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत पुरेल. पण डार्लिंग, तुम्ही दोघं अंघोळीला किती पाणी घेता?"

"एक बादली," हे म्हणाले. "प्रत्येकी."

बाईंना आधी खरं वाटेना. आधीचे पाहुणे म्हणे शॉवर सोडून दाढी करायचे. मी त्यांना प्लॅस्टिकचा मोठा मगही दाखवला. मी कुठेही जाताना तो नेते, आणि मुलगी त्यावरून मला आजवर चिडवत आली आहे. तो बघून बाई इतक्या खूष झाल्या की भाडं १२० झालं. म्हणजे ४४-४५ डॉलर, तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या आत. १९ रात्रींचे मिळून ७३-७४ हजार. आता हे स्वस्त का, असं कुणी विचारेल. ठाण्याच्या हिशेबाने नाहीच. तिथल्या हिशेबाने आहे. रात्रीला हजार रुपयांचं कॅरिबियन मला कुठे सापडलं नाही आणि कुणी सापडलं म्हणालं तर मी आधी मोरी बघून येईन.

घर चढावर होतं हे मी सुरुवातीला वजाबाकीत धरलं होतं. गुडघे तर रोज शिव्या द्यायचे. पण गाव ज्या खाडीवर आहे ती अ‍ॅडमिरल्टी बे बेटाच्या पश्चिमेला, आणि वारा येतो पूर्वेकडून. खाली हवा कोंडते, डास चावतात, एसी लागतो. वर खिडकी उघडली की रात्रभर वारा, चादर ओढून झोपायचं. एसीची खोली आणि बिनएसीची खोली यांच्या भाड्यात तिथे चांगला फरक पडतो, कारण वीज महाग. तेव्हा खोली बघताना मी समुद्र दिसतो का हे बघणार नाही, खिडकी कुठल्या तोंडाची आहे ते बघेन. समुद्र काय, किनारे सगळ्यांना खुले. प्रिन्सेस मार्गारेट बीचवर पाचशे डॉलरच्या हॉटेलातला माणूस आणि आम्ही एकाच सावलीत बसायचो.

पण खरे पैसे वाचले ते दोन शेगड्यांवर. बेटावर जवळजवळ सगळं बोटीने येतं, त्यामुळे दुकानातलं दूध, चीज, डब्यातलं काहीही घ्यायला गेलं की पोटात गोळा येतो. भाजी धक्क्याजवळच्या बाजारात. तिथले विक्रेते बरेचसे रास्ताफारी पंथाचे जटाधारी, म्हणून त्याला रास्ता मार्केटच म्हणतात. अंगावर येऊन माल खपवतात. दादरला भाजी घेतलेल्या बाईला त्यात नवीन काही नाही. मासळी आली की शंख फुंकतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नकळत हात जोडले. हे म्हणाले, "आरती नाही, जॅकफिश आलाय." आणि त्या शंखातला प्राणीसुद्धा सोडत नाहीत, त्याच्या मांसाला लांबी म्हणतात. मी चाखला नाही, ह्यांनी दोनदा.

सगळ्यात मजा आली ती बाजारात नीरफणस दिसल्यावर. तिथला ब्रेडफ्रूट म्हणजे आपला विलायती फणस. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून ही झाडं सेंट व्हिन्सेंटला आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला. आधीच्या खेपेला त्याच्याच खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडून दिलं होतं, ही त्याची दुसरी खेप. मुख्य बेटावरच्या राजधानीत, किंग्सटाउनला, बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यातल्याच एका झाडाचा वंश दाखवतात. आज भाजलेला ब्रेडफ्रूट आणि तळलेला जॅकफिश हे त्या देशाचं राष्ट्रीय खाद्य आहे. मी रव्याऐवजी मक्याचं पीठ, हळद आणि मुलीच्या घरून आणलेलं तिखट लावून काप तव्यावर परतले. वास वर गेला असावा. मिस खाली आल्या, उभ्या उभ्या चार काप खाल्ले, तिखटाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, आम्हीही तळतो, पण याला "जीव" आहे. त्यानंतर आठवड्याचा एक फणस झाडावरून फुकट.

अगदीच कंटाळा आला तर रोटी. तिथे रोटी म्हणजे मोठ्या पातळ पोळीत बटाटा-चिकनचा रस्सा गुंडाळलेला पुडा. १८६१ पासून आपल्याकडची माणसं मळ्यांवर कामाला नेली, त्यांच्याबरोबर हे गेलं. एका पुड्यात दोघांचं दुपारचं भागायचं. भाकरी-पिठल्यासारखा आधार वाटायचा त्याचा.

बाकीचं भराभर सांगते. भारतीय पासपोर्टवर आम्हाला तिथला व्हिसा आधी काढावा लागला नाही. मात्र वाटेत अमेरिका किंवा ब्रिटन लागणार असेल तर त्यांच्या व्हिसाचं आधी बघा. विमानतळावर फॉर्ममध्ये राहण्याचा पत्ता विचारतात आणि "जाऊन शोधणार" हे उत्तर चालत नाही, म्हणून पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग हवंच. दोनच, जास्त नको. मुख्य बेटावर अर्गाइलचा मोठा विमानतळ २०१७ मध्ये झाल्यापासून परदेशी विमानं थेट उतरतात. तिथून किंग्सटाउनच्या धक्क्यावर यायचं आणि फेरी पकडायची. तासाभराचा प्रवास, गाड्याही चढतात, दाभोळच्या फेरीची थोरली बहीण समजा. फक्त दोन बेटांमधला समुद्र ओलांडताना बोट अशी हलते की बोलणारी माणसं गप्प होतात. विमान रात्री उशिरा पोहोचणारं असेल तर शेवटची फेरी गेलेली असते आणि ती रात्र किंग्सटाउनला काढावी लागते. तो खर्च आधीच धरा, आम्ही धरला नव्हता.

जून ते नोव्हेंबर भाडी उतरतात, ते वादळांमुळे. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळाने दक्षिणेकडच्या युनियन आयलंडची बहुतेक घरं मोडली. बेक्वेला त्या मानाने मार कमी बसला. तरी आम्ही गेलो तेव्हा मिसच्या छपराचा एक कोपरा नव्या पत्र्याचा चमकत होता. छप्पर गेलं की टाकीत पाणी कुठून येणार, असं त्या म्हणाल्या. स्वस्त मिळतंय म्हणून सप्टेंबरात मी तरी जाणार नाही.

आता पुढचा प्रश्न मला माहीत आहे, "त्या बाईंचा नंबर द्या." निघताना मी त्यांना विचारलं होतं, आमची माणसं पाठवू का. त्यांनी बांबू टाकीत सोडला, वर काढला, तिसऱ्या खाचेच्या जरा वर ओला होता. म्हणाल्या, पाठव, पण बादलीवालीच पाठव. आणि ईस्टरला कुणी नको. ब्रुकलिनहून बहीण येते, खोली तिची आहे.