भटजींचा माईक आणि चुलत्यांचा टॅब
तुळशीची लग्नं लागली की आम्हा लग्नाच्या फोटोग्राफरांचा सीझन चालू होतो आणि पहिल्या आठवड्यातच माझा घसा बसतो, कारण दिवसभर एकच जप, ओ दादा जरा बाजूला व्हा की, ओ काकू मोबाईल थोडा खाली. आता ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांमागं स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या कोल्हापुरात कॅमेऱ्याचा नाद कुणाला नसणार म्हणा.

मागच्या उन्हाळ्यातलं सांगतो. पाव्हणे सगळे फेट्यात, आणि आपला फेटा म्हणजे माणूस वीतभर उंच होतोच, त्यावर परत वर धरलेले मोबाईल. भटजींनी 'तदेव लग्नं' धरलं, म्हणजे आता संपत आलं, मी मधल्या वाटेत ७०-२०० ची लांबची लेन्स लावून, कॅमेऱ्याला डोळा लावून तयार, आणि अंतरपाट खाली यायला नि नवरदेवाचे चुलते आडवे यायला एकच गाठ पडली. हातात टॅब! जेवणाच्या ताटाएवढा. माझ्या फोटोत चुलत्यांची पाठ, फेट्याचा शेमला, आणि नवरी दिसते ती त्या टॅबच्या स्क्रीनवर, तीपण अर्धी.

चिडून उपयोग नसतो. पाव्हण्यावर ओरडलं तर फोटोग्राफर लई माजलाय म्हणून भावकीभर होतंय, आणि पुढची ऑर्डर त्याच भावकीतनं यायची असते. त्यापेक्षा भटजींना धरावं. हल्ली मी मुहूर्ताआधी त्यांना चहा पाजून सांगून ठेवतो, काका, शेवटच्या मंगलाष्टकाआधी माईकवर तेवढं बोला, मोबाईल खिशात घाला आणि अक्षतांना हात मोकळा ठेवा. मी सांगितलं की लोकांना राग येतो, भटजींनी सांगितलं की तो विधीच वाटतो. आणि ७०-२०० बॅगेत, ३५ ची जवळची लेन्स लावून मी सरळ स्टेजवर, अंतरपाट धरणाऱ्याच्या काखेशी. मग मागनं शिव्या मला पडतात, पडू देत.

पण मोबाईल परवडले, खरा ताप हौशी कॅमेरावाल्यांचा. पूर्वी माझे स्टेजवरचे दोन्ही फ्लॅश स्लेव्हवर असायचे, म्हणजे समोर कुणाचाही फ्लॅश उडाला की त्याला बघून हेपण उडणार, त्यांना काय माहीत मालक कोण. एका लग्नात नवरीच्या आतेभावानं नवाकोरा कॅमेरा आणलेला, तो दाबतोय आणि माझे लाईट पेटतायत, त्याचे फोटो झगझगीत, आणि मी दाबतोय तेव्हा फ्लॅश चार्ज होत बसलेले. हार घालतानाचे माझे चार फोटो काळेकुट्ट. वर ते पोरगं मला स्क्रीन दाखवतंय, दादा बघा कसला आलाय! त्याच रात्री रेडिओ ट्रिगर मागवला, आता माझे लाईट दुसऱ्या कुणाच्या फ्लॅशला ओळख देत नाहीत.

ग्रुप फोटोला मात्र मी भांडत नाही. समोर दहा मोबाईल असले की आजी एकीकडं बघणार, नवरदेव दुसरीकडं, करवली तिसरीकडंच. म्हणून म्हणतो, आधी तुमचं होऊ दे, मी थांबतो. मिनिटभरात सगळ्यांची हौस फिटते, माना खाली घालून स्टेटस टाकायला लागतात, मग मी एकदाच जोरात, आता इकडं माझ्याकडं! काहीजण म्हणतात पाव्हण्यांना मोबाईल बंदी असं ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावं, घ्या बाबा, आपल्याकडं कोण वाचतंय.

आणि तो टॅबवाला फोटो मी डिलीट करायचं विसरलो होतो. अल्बमच्या सिलेक्शनला नवरदेवाची आई आली, एकेक फोटो बघत त्यावर थांबली. मी माफी मागायच्या तयारीत, तर म्हणाली, "ह्यो असू दे. भाऊजींचा दुसरा फोटोच न्हाई की, दिवसभर टॅबच धरून हुते."