वहीतले दोन रकाने

आज दुपारभर धंद्याचा हिशोब मांडून बसले होते. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, विमा. म्हणजे काम आलं नाही तरी जाणारे पैसे. उजवीकडे कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक. वीजबिलाशी अडले, कारण त्यात ठरलेला आकारही असतो आणि वापराचाही. ते दोन्हीकडे विभागून टाकलं.

मग आकडे सोपे करून घेतले. विक्री 100 धरली तर बदलता खर्च (उजवा रकाना, कामाबरोबर कमी-जास्त होणारा) 60, स्थिर खर्च (डावा रकाना) 30, नफा 10. माल 10 टक्के कमी खपला तर विक्री 90, बदलता खर्चही घटून 54; तो वजा जाता राहतात 36, त्यातून 30 गेले की उरतात 6. विक्री 10 टक्क्यांनी घटली आणि नफा 40 टक्क्यांनी! (वाढली तर तसाच वरही जातो, 14 वर.)

पण खरा धक्का पुढे होता. गेल्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाला 10 टक्के सूट दिली, एवढं तर चालतंच म्हणून. तीच सगळ्यांना दिली तर भाव 90, माल तोच 60, उरले 30, आणि स्थिर खर्चही 30. नफा शून्य. पूर्वीचे 10 परत मिळवायला एक तृतीयांश माल जास्त विकावा लागेल, तोही आहे त्याच माणसांच्या बळावर.

त्या शून्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इतकी वर्षं फक्त विक्रीचा आकडा बघून बरं वाटायचं मला.

उद्या तीन ऑर्डरींचे दर कळवायचे आहेत. आधी प्रत्येकीचा उजवा रकाना भरणार.