वॉट नव्हे, पल्सचा कालावधी विचारा

अंधेरीच्या एमआयडीसीत लेसरकामाची चौकशी करायला येणारे लोक बहुधा सर्वांत आधी यंत्र किती वॉटचे आहे हे विचारतात. जाड पत्रा कापायचा असेल तर हा प्रश्न योग्यच आहे. परंतु काम मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरात आले, केसाहूनही बारीक भोके पाडायची किंवा खाचा कोरायच्या असल्या, की पल्स, म्हणजे लेसरच्या प्रकाशाचा एक तुटक झोत, किती वेळ टिकते हे आधी पाहावे, असे या कामात राहून माझे ठाम मत झाले आहे.

उष्णता धातूत किती खोल जाईल, हे ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळावर अवलंबून असते. स्टेनलेस स्टीलमध्ये ती एका मिलिसेकंदात 100 मायक्रॉनहून पुढे पसरते, तर 100 नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) जेमतेम एक मायक्रॉन. तरीही नॅनोसेकंद पल्स धातू वितळवतेच, आणि वाफेच्या दाबाने बाहेर फेकला गेलेला रस काठावर थिजतो. असे भोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर तोंडाभोवती उंचवट्याचे खडबडीत कडे दिसते, त्याच्या बाहेर उष्णतेने रंग बदललेला पट्टा आणि आतल्या भिंतीवर पुन्हा घट्ट झालेला थर, ज्यात कधीकधी बारीक तडेही असतात. हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटच्या कडेवर असे काही राहून चालत नाही, म्हणून लेसरने नळी कापल्यानंतर ती इलेक्ट्रोपॉलिशिंग करून (द्रावणात विजेच्या प्रवाहाने वरचा थर विरघळवून) गुळगुळीत करावी लागते.

फेम्टोसेकंद (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) पल्सचे गणित निराळे आहे. एका फेम्टोसेकंदात प्रकाशसुद्धा केवळ 0.3 मायक्रॉन अंतर कापतो. प्रकाशाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात आणि ती अणूंच्या जाळीला द्यायला त्यांना काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात. तोवर पल्स संपलेली असते, आणि पृष्ठभागाचा पातळ थर आजूबाजूला फारशी उष्णता न सोडता उडून जातो. अशा पल्स पुरेशा तीव्र करणे शक्य झाले ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी 1985 मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे: पल्स आधी लांबवायची, मग वर्धकातून तिची ताकद वाढवायची आणि शेवटी पुन्हा आखडायची, म्हणजे वर्धकाला इजा होत नाही. त्यासाठी त्यांना 2018 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मुंबईत हा विषय वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारामुळेही जवळचा वाटतो. कापणीच्या लेसरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला हिरा पारदर्शक असतो, म्हणून कापणीची सुरुवात करण्यासाठी अनेकदा पृष्ठभागावर काळा लेप लावतात. एकदा हिऱ्याचे ग्राफाइट होऊ लागले की तेच पुढचा प्रकाश शोषते. खाच मात्र इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते, त्यामुळे दगड जितका जाड, तितकी ती वर रुंद ठेवावी लागते आणि तितके वजन वाया जाते.

फेम्टोसेकंद यंत्राने जॉब (ज्यावर काम चालू आहे ती वस्तू) तापतच नाही, या विक्रेत्यांच्या दाव्यावर मात्र सरसकट विश्वास ठेवू नये. पल्स एकाच जागी फार जलद पडत राहिल्या, तर उरलीसुरली उष्णता साठत जाते आणि वितळलेला काठ पुन्हा दिसू लागतो. ते टाळण्यासाठी स्कॅनरचा (झोत जॉबवर फिरवणाऱ्या भागाचा) वेग वाढवावा लागतो किंवा पल्सची वारंवारता कमी करावी लागते. म्हणूनच नमुना मागताना भोकाचा केवळ वरचा फोटो घेऊ नये. ते उभे छेदून आतली भिंत आणि खालचे तोंडही दाखवायला सांगावे.