क्रूगरचं दार साडेपाचला बंद होतं

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला इटली–न्यूझीलंड सामना दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्स्प्रुटला होता, २० जूनला दुपारी चार वाजता. आणि तिथून जवळच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचे दरवाजे जून-जुलैत संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. आमच्या सगळ्या सहलीचं गणित या दोन वेळांवर बसवावं लागलं. २०२७ चा फुटबॉलचा आफ्रिका चषक केनिया, टांझानिया आणि युगांडा मिळून भरवणार आहेत. तिथे सामना आणि सफारी एकत्र करायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर आमचं नियोजन कामी येईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेलो. बाबा तर पेठेतल्या संघातून खेळलेले, विश्वचषक एकदा मैदानात बसून बघायचा हे त्यांनी कधीचं ठरवलेलं. जंगलाची ओढ माझी. विश्वचषकाच्या दहा मैदानांपैकी नेल्स्प्रुटचं (आता शहराचं नाव एम्बोम्बेला) क्रूगरला सर्वांत जवळचं, म्हणून दुसऱ्या कुठल्याच शहराकडे आम्ही बघितलं नाही.

कोणता संघ कुठे खेळणार हे ४ डिसेंबर २००९ ला केपटाऊनच्या सोडतीत ठरलं. त्यानंतर फिफाच्या संकेतस्थळावर जानेवारीपर्यंत अर्ज घेत होते आणि तिकिटं पुन्हा सोडतीनेच द्यायची होती. गटसामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट २० डॉलरचं, पण ती चौथी श्रेणी फक्त तिथल्या रहिवाशांसाठी. आमच्यासारख्यांना तिसरी श्रेणी, ८० डॉलर. बाबा म्हणाले, "अरे, जंगल कुठं पळून जातंय? आधी तिकीट तरी लागू दे." मी मात्र अर्ज भरला त्याच आठवड्यात उद्यानाच्या आतल्या कॅम्पमधल्या खोल्या धरून ठेवल्या. क्रूगरचे सरकारी कॅम्प अकरा महिने आधीपासून आरक्षण घेतात. तिकीट लागलं नसतं, तर खोली रद्द करताना थोडे पैसे कापले गेले असते, एवढंच. पण तिकीट लागून खोली मिळाली नसती, तर रोज बाहेरून ये-जा करावी लागली असती आणि पहाटेचं जंगल हातचं गेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी जंगलातलं राहणं, मग तिकीट.

तिकीट लागलं. पुढची कागदपत्रं सरळ होती. व्हिसाच्या अर्जाला तिकिटाची खात्री, कॅम्पचं आरक्षण आणि बँकेचे तपशील जोडले. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे गाडी स्वतः चालवायची धास्ती नव्हती. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. हिवाळ्यात धोका कमी असला, तरी बाबांचं वय बघून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या.

मुंबईहून थेट जोहान्सबर्ग, तिथून भाड्याच्या गाडीने एन-फोर महामार्गाने साधारण चारशे किलोमीटर पूर्वेला. मलेलाने नावाच्या दरवाजातून उद्यानात शिरलो. जून म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसलेलं, पानं झडलेली आणि पाणी ठरावीक ठिकाणीच, त्यामुळे प्राणी शोधत फिरावं लागत नाही, पाण्यापाशी थांबावं लागतं. लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर आम्ही इंजिन बंद करून तासन् तास बसलो. पाणघोडे, सुसरी, पाण्यावर येणारी इंपाला हरणं. हत्तींचा कळप आला तेव्हा मैदानावर सतत सूचना देत राहणारे बाबा अवाक्षर बोलले नाहीत. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, मातीच्या रस्त्यावर ४०, आणि कॅम्प किंवा ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही. नकाशावर तीस किलोमीटर दिसले की मी दोन तास धरायचो.

सामन्याच्या दिवशी स्कुकुझा कॅम्प सकाळीच सोडला. पॉल क्रूगर दरवाजातून बाहेर पडून हेझीव्ह्यू, व्हाइट रिव्हर करत नेल्स्प्रुटला जेवणाच्या आधी पोचलो. सामना संपेपर्यंत उद्यान बंद झालेलं असणार, त्यामुळे त्या रात्रीपुरती शहराबाहेरच्या एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली होती. अख्ख्या नियोजनात सर्वांत महाग तीच पडली. पण रात्रीच्या अंधारात अनोळखी रस्त्यावर लांब गाडी हाकण्यापेक्षा ते पैसे गेलेले बरे.

एम्बोम्बेला स्टेडियमचं छत जिराफाच्या आकाराच्या केशरी खांबांवर तोललेलं आहे आणि खुर्च्यांची रंगसंगती झेब्र्याच्या पट्ट्यांची. व्हुव्हुझेलांच्या, म्हणजे प्रेक्षक फुंकत होते त्या लांब भोंग्यांच्या, आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. सातव्याच मिनिटाला फ्री किकवर आलेला चेंडू इटलीच्या कान्नावारोला लागून न्यूझीलंडच्या स्मेल्ट्झसमोर पडला, त्याने गोल केला आणि गतविजेते इटली एका गोलने मागे. एकोणतिसाव्या मिनिटाला याक्विंटाने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यापुढे इटलीने वेढाच घातला, पण न्यूझीलंडची बचावफळी आणि गोलरक्षक पॅस्टन हलले नाहीत. सामना १-१. बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते, तेही न्यूझीलंडसाठी. त्या स्पर्धेत एकही सामना न हरलेला तो एकमेव संघ ठरला. तिन्ही सामने बरोबरीत, तरी गटातूनच बाहेर.

सकाळी नुम्बी दरवाजातून पुन्हा जंगलात शिरलो आणि उरलेले दिवस प्रिटोरियसकोपला काढले. सामना सहलीच्या मधोमध ठेवला, हे फार बरं केलं. सुरुवातीला ठेवला असता तर प्रवासाचा शीण मैदानावर नेला असता, आणि शेवटी ठेवला असता तर जंगलात बसूनही बाबांचं लक्ष तिकडेच राहिलं असतं.

२०२७ साठी जाणाऱ्यांनी आमच्यापेक्षा एक गोष्ट जास्तीची करायची आहे. दक्षिण आफ्रिकेहून परतताना आम्हाला पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लागलं नाही, पण केनिया किंवा युगांडाहून भारतात परतणाऱ्यांना ते लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. केंद्रावरची तारीख विमानाच्या तिकिटाबरोबरच घेऊन ठेवा.