पेन्सिलने लिहिलेल्या खुर्च्या

आमची सुरुवात २०१३ मध्ये द्राक्षांवर झाली. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधल्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर होतं ते. मी, माझा मावसभाऊ, दोन संगणक आणि नाशिकच्या इंदिरानगरात पिठाच्या गिरणीवरची खोली. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. द्राक्षांचा हंगाम संपला की आमचे फोनही थंड. पावसाळ्यात पोट कशावर भरायचं, या विवंचनेतून आम्ही तिकिटांकडे वळलो. नाटकाचं लहानपणापासून वेड होतं वगैरे काही नाही.

२०१८ च्या दिवाळीच्या सुमारास शहरातल्या एका जुन्या सांस्कृतिक संस्थेचं काम मिळालं. कालिदास कलामंदिर हे नाट्यगृह नूतनीकरणानंतर नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं. संस्थेचे वर्षाला सहा कार्यक्रम, सभासद चारशेच्या आसपास, वर्गणी १,००० रुपये आणि प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. सगळा कारभार सचिवकाकांच्या वहीत आणि एका मोठ्या कागदी प्लॅनवर. प्लॅन म्हणजे नाट्यगृहाचा नकाशा, ज्याच्यावर बुकिंगची माणसं खुर्च्या भरतात. काका म्हणाले, ‘‘हे सगळं तुमच्या त्या यंत्रात घाला, म्हणजे मी सुटलो.’’

आम्ही घातलं. मोबाइल नंबर हीच सभासदाची ओळख ठरवली आणि पहिल्याच दिवशी सत्तावीस बायका यादीतून गायब झाल्या. नवरा-बायकोचा नंबर एकच दिलेला. प्रोग्रामने दोघांना एक माणूस करून टाकलं. तेव्हापासून सभासद क्रमांक वेगळा, मोबाइल वेगळा, आणि दोघांचं मिळून एक ‘घर’. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही तो शब्द तसाच आहे.

खरी फजिती झाली एप्रिल २०१९ मध्ये. सभासदत्व ३१ मार्चला संपतं, म्हणून नूतनीकरण न केलेल्यांच्या खुर्च्या १ एप्रिलला रात्री बारा वाजता आपोआप मोकळ्या होतील, असा नियम आम्ही लिहिला होता. तो अचूक चालला. सकाळी अकराच्या आत सी रांगेतल्या १४ आणि १५ क्रमांकाच्या खुर्च्या एका नव्या जोडप्याने ऑनलाइन घेतल्या. त्या खुर्च्यांवर वीस वर्षं बसणारे आजी-आजोबा तेव्हा मुलीकडे पुण्याला गेले होते. आजोबांना ऐकायला कमी येतं, म्हणून पुढची रांग. काकांचा फोन आला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, ‘‘अहो, त्यांची नावं मी पेन्सिलने लिहून ठेवायचो. तुम्ही बघितलं नाही का?’’

आम्ही बघितलं होतं, पण कळलं नव्हतं. प्लॅनवर पैसे आलेल्यांची नावं पेनने, यायचे असलेल्यांची पेन्सिलने. कोण गावाला गेलंय, कोणाचं ऑपरेशन आहे, कोण दरवर्षी पंधरा दिवस उशिरा देतो पण देतोच, हे सगळं त्या पेन्सिलमध्ये होतं. त्या जोडप्याला विनवून आम्ही त्यांना ई रांगेत बसवलं. मग महिनाभर खपून खुर्चीची तिसरी अवस्था लिहिली. मोकळी, पक्की आणि पेन्सिल. पेन्सिलची मुदत तीस दिवस, ती वाढवायचा अधिकार फक्त सचिवांना, आणि वाढवताना कारण लिहावंच लागतं.

दराचा घोळ त्याच वर्षी. वर्गणी १,००० वरून १,२०० केली. आम्ही जुना आकडा पुसून नवा टाकला. जूनमध्ये हिशेबतपासनिसांनी मागच्या वर्षीच्या पावत्या पुन्हा छापायला लावल्या, तर सगळ्यांवर १,२०० रुपये! बँकेत मात्र हजारच. दर पुसायचा नसतो. त्याला ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ लावायचं असतं, हे आम्ही त्या उन्हाळ्यात घाम पुसत शिकलो.

कार्यक्रम रद्द झाला तर परतावा किती, यासाठी वर्गणी सहा भागांत वाटावी लागते. १,००० भागिले सहा म्हणजे १६६.६७ रुपये, सहा वेळा बेरीज केली की दोन पैसे जास्त. शेवटच्या कार्यक्रमाला १६६.६५ धरून आम्ही ते दोन पैसे मिटवले. १,२०० ला सहाने नीट भाग जातो, याचा आनंद संस्थेत कोणालाच झाला नाही, आम्हाला फार झाला.

मध्येच येणाऱ्या सभासदाचा दर हा मात्र गणिताचा नव्हे, माणसांचा प्रश्न. चार कार्यक्रम उरले तर हिशेबाने ८०० रुपये होतात. पण तसं केलं की लोक दोन कार्यक्रम वगळून आरामात येतात आणि एप्रिलमध्ये पैसे भरणारे स्वतःला वेडे समजतात. एकेक तिकीट २५० चं, म्हणजे चारांचे १,०००. काकांनी ९०० ठरवले. मला ते अजूनही बरोबर वाटतं. एका दुसऱ्या संस्थेने पहिल्या सोफ्यांचं तिकीट ६०० केलं. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी लागतो, हे त्यांना आम्ही सांगेपर्यंत निम्मी तिकिटं खपली होती.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि बारा महिन्यांचं वर्ष हे आमचं गृहीतकच कोसळलं. ‘मुदतवाढ’ नावाचं बटण एका रात्रीत लिहिलं. पुढे सभासदाच्या खात्यातून वर्गणी आपोआप कापणारं यूपीआय ऑटोपे आणलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना जाते. ती बघून ज्येष्ठ सभासदांनी फसवणूक समजून बँक गाठली. आता त्यांना आधी काका फोन करतात, मग संदेश जातो.

आज नाशिकबाहेरच्याही काही संस्था आमच्याकडे आहेत. कोल्हापूरच्या एका चिटणीसबाईंनी विचारलं, ‘‘हे राखाडी रंगाचं पेन्सिल बटण कशाला?’’ मी त्यांना काकांचा नंबर दिला. दोघं तासभर बोलले. काकांच्या घरी कागदी प्लॅन अजून भिंतीवर आहे, आणि एप्रिलभर ते रोज संध्याकाळी फोन करून आमच्या पडद्यावरच्या पेन्सिली त्यांच्याशी जुळवून घेतात. परवा एकीचा फरक निघाला. चूक आमचीच होती.