दोन बुश आणि २३ दिवस: जुन्या पिकअपचा स्टेअरिंग बॉक्स

स्टेअरिंग बॉक्स उघडायला एक दुपार लागली, जोडायला एक संध्याकाळ. मधले २३ दिवस गनमेटलच्या दोन बुशांनी, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्यांनी, खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाडी महिंद्राची, जीपच्या चासीवरची, डावीकडे स्टेअरिंग असलेली जुनी पिकअप. आबांनी तिच्यातून कितीतरी हंगाम गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवले. अलीकडे चाकं हलायच्या आधी स्टेअरिंग वीतभर नुसतंच फिरायचं. नियमाप्रमाणे हा प्ले ३० अंशांपर्यंतच चालतो. पासिंगचं राहू द्या, समोरून उसाची ट्रॉली आली की माझ्याच हातांना घाम फुटायचा.

बॉक्सच्या आत रॉस पद्धतीचं काम असतं. स्टेअरिंगच्या दांड्याला खोल खाचेचा, मळसूत्रासारखा कॅम, आणि त्या खाचेत फिरणाऱ्या लिव्हर शाफ्टच्या दोन निमुळत्या पिना. माझ्या पिनांची टोकं एका बाजूनं चपटी झालेली, नख फिरवलं तरी धार लागायची. कॅम आणि शाफ्ट दिल्लीच्या कश्मीरी गेटहून कुरिअरनं आले. अडलं ते बुशांपाशी.

जुने बुश काढायचे, नवे दाबून बसवायचे आणि शाफ्टच्या मापाला रीमर (भोक नेमक्या मापात आणणारं हत्यार) मारायचा, एवढंच काम. जवळच्या लेथवाल्याकडे हाउसिंग, म्हणजे बॉक्सचं कवच, दिलं. पहिला आठवडा ‘उद्या या’मध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर माझं हाउसिंग बाकाखाली, बेअरिंगच्या जागेत लोखंडाचा कीस भरलेला. स्वतः ब्रशनं साफ केलं आणि परत आलो. अठराव्या दिवशी काम मिळालं, पैसे दिले. घरी शाफ्ट घातला तर पहिल्या बुशातून गेला आणि दुसऱ्याच्या तोंडाशी अडला. परत गेलो. “पॉलिश पेपर मारा, बसेल,” म्हणाला. पेपर मारला असता तर बुशाचं तोंड मोठं झालं असतं, शाफ्ट पुन्हा डुलला असता आणि तेल गळायला लागलं असतं. त्यानं दोन्ही बुश आपापल्या बाजूनं वेगवेगळे रीम केले होते, त्यामुळे ते एका रेषेत नव्हते. लांब रीमर एकदाच दोन्हींतून आरपार जायला हवा होता. तसं सांगितलं तर म्हणाला, “जुन्या गाडीला एवढं कशाला?” हे वाक्य मला आजही टोचतं. माझी माणसं बसतात त्या गाडीत.

शेवटी हाउसिंग आणि शाफ्ट घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका वयस्कर टर्नरकाकांनी शाफ्ट हलकेच आत सरकवला, अडला तिथं थांबले. “पाव्हणं, बुश चांगला हाय, रेषा चुकलीया.” नवे बुश, आरपार रीमर, दोन तास. तेल लावलेला शाफ्ट स्वतःच्या वजनानं खाली उतरला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. तुम्हीही शाफ्ट सोबत न्या, आणि तो डोळ्यांसमोर आरपार गेल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक आधीच सांगायला हवं होतं: पिटमन आर्म (लिव्हर शाफ्टच्या बाहेरच्या टोकावरचा हात) काढताना शाफ्टवर आणि आर्मवर खूण करा, आणि तो ओढून काढणारा पुलरच वापरा. हातोडीचा मार थेट आत पिनांवर बसतो. आणि बॉक्सला हात लावण्याआधी ड्रॅग लिंकचे, म्हणजे त्या आर्मपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे, बॉल तपासा, निम्मा प्ले कधीकधी तिथंच असतो.

सेटिंगचा क्रम मोडू नका. ड्रॅग लिंक सुटी ठेवून आधी वरच्या कव्हरखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करत कॅमचा खालीवर प्ले काढा. कॅम मोकळा फिरला पाहिजे. मग पिना खाचेत दाबणारा बाजूच्या कव्हरचा स्क्रू. तो चाकं सरळ असताना, म्हणजे एकूण फेऱ्यांच्या बरोबर मध्यावर आवळायचा. कॅमची खाच मध्यावर मुद्दाम उथळ ठेवलेली असते. कडेला सेट केलं तर मध्यावर स्टेअरिंग जाम होतं. मध्यावर किंचित जड लागलं की थांबा आणि लॉकनट आवळा.

आणि ग्रीस नको. आमच्या गाडीत वर्षानुवर्षं ग्रीस ठासलेलं होतं. कॅमनं ते बाजूला सारलं की खाचेत परत येत नाही, पिना कोरड्या घासतात. ९० नंबरचं गिअर ऑइल घाला, सील नवं टाका.

३०० किलोमीटरनंतर लॉकनट पुन्हा तपासला. स्क्रू हलवावा लागला नाही. प्ले दोन बोटं आहे, आणि आबा परवा ती यार्डापर्यंत घेऊन गेले.