माझा अनुभव: शाळा उघडण्याआधीची आरटीपीसीआर आणि अडकलेले रिपोर्ट

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायचे, आणि त्याआधी १७ ते २२ नोव्हेंबरमध्ये शिक्षक-शिक्षकेतरांची आरटीपीसीआर, म्हणजे कोरोनाची लॅबमधली चाचणी, उरकायची, असं वरून ठरलं. भाऊबीज १६ तारखेला. म्हणजे निम्मा स्टाफ गावाकडे आणि दुसऱ्याच दिवशी मुदत सुरू. मी तेव्हा शिक्षक संघटनेचं तालुक्याचं काम बघत होतो. वर्गांचं निर्जंतुकीकरण, पालकांची लेखी संमतिपत्रं, एका बाकावर एक विद्यार्थी, निम्मी मुलं आज आणि निम्मी उद्या, हे सगळं शाळांनी बिनबोभाट केलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते फक्त रिपोर्टवर, आणि त्याची चीड अजून उतरलेली नाही.

स्वॅब, म्हणजे नाक-घशातला नमुना, द्यायला दोन मिनिटं लागतात. पुढची साखळी मात्र लांब. केंद्रावर फॉर्म भरायचा, नळीवर नाव आणि नंबर टाकायचा, नळी बर्फाच्या डब्यातून जिल्ह्याच्या लॅबला जायची, लॅबची यादी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात यायची, तिथून शिक्षण विभागाकडे आणि मग मुख्याध्यापकांच्या हातात. यातली एक कडी जरी निसटली तरी शिक्षकाच्या हातात काहीच येत नाही आणि मुख्याध्यापक म्हणतात, "रिपोर्ट दाखवा, मग सही करा."

निसटायची कारणं ठरलेली होती. पहिलं म्हणजे नाव. सेवापुस्तकात आडनाव आधी, आधारवर नाव आधी. लग्नानंतर आधार बदललं पण शालार्थ या पगाराच्या प्रणालीत माहेरचंच नाव चालू, अशा मॅडम प्रत्येक शाळेत. त्यात केंद्रावरच्या माणसाने घाईत 'पाटील एस. एम.' एवढंच लिहिलं की संपलं. आरोग्य कार्यालयात यादी घेऊन गेलो तर तिथला लिपिक म्हणतो, "सर, पाटील एस. एम. तीन आहेत, तुमचे कुठले?" त्याचंही बरोबर होतं. पण तीनपैकी एक पॉझिटिव्ह असला तर उरलेल्या दोघांनी काय करायचं, हे तो सांगू शकत नव्हता.

दुसरं कारण मोबाइल नंबर. काही शाळांनी सगळ्या स्टाफच्या फॉर्मवर शाळेचा किंवा मुख्याध्यापकांचा एकच नंबर दिला. सोय म्हणून केलं, पण मेसेज सगळे त्या एकाच फोनवर, आणि त्यात नाव अर्धवट. प्रत्येकाने स्वतःचा नंबर द्यायचा, तोही चालू असलेला. लॅबमधून फोन आला तर उचलायचा, अनोळखी नंबर म्हणून कापायचा नाही.

तिसरं कारण मला प्रत्यक्ष बघायला मिळालं म्हणून पटलं. बर्फातून काढलेल्या नळ्यांवर पाणी साचतं आणि बॉलपेनने लिहिलेलं स्टिकर फुगतं. एका नळीवरचं नाव पुसून नुसती निळी रेघ उरली होती, आकडे तर गेलेच. अशी नळी लॅब तपासणार कुणाच्या नावाने? ती बाजूला पडते आणि शिक्षक इकडे रिपोर्टची वाट बघत बसतो. पुढच्या खेपेला संघटनेने केंद्राला पर्मनंट मार्करची पाकिटं दिली. संघटनेने मार्कर कशाला पुरवायचे, असा प्रश्न आमच्यातल्याच काहींनी विचारला. रास्त प्रश्न आहे, पण मार्कर दिल्यावर हरवलेल्या नमुन्यांच्या तक्रारी कमी झाल्या.

चौथं म्हणजे 'अनिर्णित' असा शेरा. लोक तो निगेटिव्ह समजून शाळेत जायचे. तो निगेटिव्ह नव्हे, दुसरा स्वॅब द्यावा लागतो.

गर्दी बघून काही ठिकाणी अँटिजन ही झटपट चाचणी करून मोकळे करत होते. अर्ध्या तासात निकाल हातात, सगळे खूश. पण आदेशात आरटीपीसीआर स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे अँटिजन निगेटिव्हवर तपासणीत शेरा पडणारच. अँटिजन पॉझिटिव्ह आली तर मात्र ती पॉझिटिव्हच, पुन्हा खात्री करत बसायचं नाही.

आता खरं घोडं पेंड खात होतं ते हजेरीवर. स्वॅब दिलाय, पावती आहे, रिपोर्ट नाही, आणि २३ तारीख उजाडली. हा माणूस हजर, गैरहजर की रजेवर? माध्यमिक शाळा शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, अकरावी-बारावी विभागीय उपसंचालकांकडे, रिपोर्ट आरोग्य खात्याकडे. तालुक्यात कुणालाच हा आपला प्रश्न वाटेना. एका कार्यालयात तर "वरून मार्गदर्शन मागवलंय" याच्यापलीकडे काही ऐकायला मिळालं नाही. मार्गदर्शन येईपर्यंत काय, तर "तुम्ही तुमच्या पातळीवर बघा." आणि मुख्याध्यापक आपल्या पातळीवर किरकोळ रजा टाकून मोकळे होत होते.

इथे तोंडी विचारून काही होत नाही, कारण तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि पगारबिलाच्या वेळी ते कुणालाच आठवत नाही. आम्ही एक तक्ता केला: शाळेचं नाव आणि यूडायस हा तिचा सरकारी ओळख क्रमांक, शिक्षकाचं आधारवरचं पूर्ण नाव, शालार्थ आयडी, मोबाइल, स्वॅबचं केंद्र, तारीख, नमुन्याचा नंबर, रिपोर्टची स्थिती. त्यावर एका पानाचं निवेदन: चाचणी मुदतीत दिली आहे, रिपोर्ट लॅबकडे प्रलंबित आहे, तोवर शिक्षक घरून ऑनलाइन तास घेत आहे, म्हणून हा कालावधी कर्तव्यकाळ धरावा. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यायचा. शिक्का देताना खळखळ करतातच. अशा वेळी टपालाने रजिस्टर करतो म्हटलं की शिक्का निघतो. तक्ता बघितल्यावर आरोग्य कार्यालयातल्या त्याच लिपिकाने नमुन्याच्या नंबरावरून पटापट नावं जुळवून दिली. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे शोधायला धागाच नव्हता.

आणि हो, ऑनलाइन तासांचा पुरावा रोज ठेवा. वर्ग, विषय, वेळ, हजर मुलं, एवढं एका वहीत लिहिलं तरी पुरतं. हे निवेदनाआधी सांगायला हवं होतं, कारण 'घरून काम' या शब्दांवर पहिला आक्षेप इथेच येतो.

पॉझिटिव्ह आलेल्यांचं वेगळंच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जुलै २०२० च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांत लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर विलगीकरण संपतं, पुढे आणखी ७ दिवस घरी राहून तब्येतीवर लक्ष ठेवायचं, आणि त्यानंतर पुन्हा चाचणीची गरज नाही, असं होतं. तरी काही संस्थाचालक "निगेटिव्ह आल्याशिवाय गेटच्या आत नाही" म्हणून अडून बसले. बरा झालेल्या माणसाच्या घशात विषाणूचे मेलेले अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात आणि आरटीपीसीआर तेवढ्यावरही पॉझिटिव्ह येते. म्हणजे माणूस ठणठणीत, संसर्ग पसरत नाही, आणि तरी रजा खर्ची पडतेय. अशा वेळी भांडण्यापेक्षा त्या सूचनेची प्रत जोडून अर्ज द्यायचा. संस्थाचालकांना वाद घालायला आवडतो, कागदाला उत्तर लिहायला नाही.

खासगी लॅबचा पर्याय होता. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने दर उतरवले होते, संकलन केंद्रावर जाऊन दिल्यास ९८० रुपये, घरी येऊन घेतल्यास १८०० रुपये. रिपोर्ट लवकर मिळायचा म्हणून अनेकांनी पदरमोड केली. सरकारी केंद्रावर मोफत असलेली, सरकारनेच सक्तीची केलेली चाचणी शिक्षकाने विकत घ्यायची, हे मला आजही पटत नाही. पण ज्याच्या घरी म्हातारे आई-वडील आहेत त्याला तत्त्व शिकवण्यात अर्थ नव्हता. त्याला एवढंच सांगितलं की पावतीवर स्वतःचं पूर्ण नाव घाल.

एवढा आटापिटा करून शेवटच्या दोन-तीन दिवसांत कुठे उघडायचं आणि कुठे नाही याचा निर्णय स्थानिक प्रशासनावर गेला. मुंबईत शाळा आधी ३१ डिसेंबरपर्यंत बंद ठेवायचं ठरलं, पुढे ती मुदतही वाढली. २७ जानेवारी २०२१ ला मुंबई सोडून बाकी ठिकाणी पाचवी ते आठवी सुरू झाली, तेव्हा चाचणीला माणसं आणखी जास्त होती, पण आम्ही शाळावार दिवस वाटून घेतले आणि तक्ता स्वॅबच्या आधीच केंद्रावर दिला. त्या वेळी नावांचा घोळ जवळपास झालाच नाही.

चाचणीशी थेट संबंध नाही, पण कागदाचंच आहे म्हणून लिहून ठेवतो. सर्वेक्षण, तपासणी नाका किंवा कोविड केंद्रावर ड्यूटी लागली असेल तर आदेश लेखी, नावानिशी आणि तारखेसह घ्या. वित्त विभागाच्या २९ मे २०२० च्या शासन निर्णयात कोविडची कर्तव्यं बजावताना मृत्यू झाल्यास वारसांना ५० लाख रुपये होते, पण दवाखान्यात भरती होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या १४ दिवसांत तो कर्मचारी कर्तव्यावर हजर होता हे सिद्ध करावं लागायचं. ग्रुपवर आलेली 'उद्या सकाळी आठला नाक्यावर' ही ओळ मदतीच्या प्रस्तावाला जोडायची वेळ घरच्यांवर येऊ देऊ नका. आदेश दिला नाही तर हजर झाल्याचा अहवाल स्वतः लिहून द्या, त्याची पोहोच घ्या आणि फोटो घरात दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.